निकाली कुस्तीची प्रतीक्षा : व्यावसायिक कुस्तीतील पूर्वीच्या बहुप्रतीक्षित लढती आणि आधुनिक वैर यांचा तुलनात्मक अभ्यास

सारांश

व्यावसायिक कुस्तीच्या इतिहासात काही लढती दंतकथेच्या पदाला पोहोचल्या आहेत. १९०८ व १९११ मधील गॉच–हॅकेनश्मिट लढती आणि १९१० व १९२८ मधील गामा–झिबिस्को लढती ही त्यांची ठळक उदाहरणे होत. या लढतींच्या तुलनेत आजच्या व्यावसायिक कुस्तीतील वैर हे कृत्रिम, ठरवून रचलेले आणि म्हणून क्षुल्लक आहे, असा समज सर्वत्र आढळतो. प्रस्तुत निबंधात या समजाची ऐतिहासिक पुराव्यांच्या आधारे तपासणी केली आहे. जुन्या लढती प्रत्यक्ष मैदानात अनेकदा निराशाजनक ठरल्या होत्या. त्यांची कीर्ती त्यांतील न सुटलेल्या प्रश्नांवर वाढली. आधुनिक व्यवसायाने प्रतीक्षेचे तंत्र जुन्या लढतींकडूनच घेतले. मात्र अपयशाची शक्यता वगळल्यामुळे स्मृतीला लागणारी सामग्रीही कमी केली, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : व्यावसायिक कुस्ती, निकाली कुस्ती, नुरा कुस्ती, गामा, झिबिस्को, लोकस्मृती, करमणूक व्यवसाय

प्रस्तावना

महाराष्ट्राला कुस्ती नवी नाही. रोममधील प्राचीन प्रेक्षागार पाहून आलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले आणि १९१२ मध्ये ते पूर्णत्वास गेले. तांबड्या मातीच्या या परंपरेत वाढलेल्या प्रेक्षकाला ‘फ्रीस्टाइल’ या नावाने ओळखली जाणारी व्यावसायिक कुस्ती विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईतील रिंगणात दिसली. दारासिंग आणि किंग काँग या नावांनी ती घरोघरी पोहोचली. पुढे १९९० नंतर उपग्रह वाहिन्यांमुळे अमेरिकन व्यावसायिक कुस्ती शहरी व ग्रामीण घरांत शिरली. तेव्हापासून प्रत्येक पिढीत एक वाद ऐकू येतो. वडीलधारी मंडळी म्हणतात, पूर्वीच्या कुस्त्या खऱ्या होत्या. तरुण म्हणतात, आजच्या लढती अधिक रंगतदार आहेत.

या वादाचा इतिहासाच्या अंगाने विचार फारसा होत नाही. त्यासाठी लागणाऱ्या संज्ञा मात्र मराठीत आधीपासून तयार आहेत. कुस्तीच्या फडात तीन प्रकारचे शेवट ओळखले जातात. एका मल्लाची पाठ मातीला लागून हारजीत स्पष्ट झाली, तर ती ‘निकाली’ कुस्ती होय. वेळ संपल्यामुळे किंवा दोघेही हटत नसल्यामुळे पंचांनी जोड सोडवली, तर ती कुस्ती ‘बरोबरीत सुटली’ असे म्हणतात. दोघांनी आधीच संगनमत करून केलेल्या कुस्तीला उत्तरेकडून आलेला ‘नुरा कुस्ती’ हा शब्द वापरला जातो. राजकारणावरील मराठी लेखनातही तो रूढ झाला आहे. प्रस्तुत विवेचनात या तीन संज्ञांचा आधार घेतला आहे.

इंग्रजीत ज्यास ‘ड्रीम मॅच’ म्हणतात, त्याला येथे ‘बहुप्रतीक्षित लढत’ असे म्हटले आहे. ज्या दोन मल्लांची गाठ पडावी अशी लोकांची दीर्घकाळ इच्छा असते, परंतु काही कारणाने ती पडत नाही किंवा फार उशिरा पडते, अशी ही लढत होय. अशा लढतीत कुस्तीपूर्वीचा काळ हा प्रत्यक्ष कुस्तीइतकाच महत्त्वाचा असतो.

उद्दिष्टे आणि व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१. १९०८ ते १९२८ या काळातील प्रमुख बहुप्रतीक्षित लढती प्रत्यक्षात कशा झाल्या हे पाहणे.
२. ठरवून होणाऱ्या कुस्तीकडे झालेल्या संक्रमणाची कारणे शोधणे.
३. १९८७ नंतरच्या निवडक वैरांची जुन्या लढतींशी तुलना करणे.
४. एखादी लढत लोकस्मृतीत का टिकते, याविषयी निष्कर्ष काढणे.

हा अभ्यास प्रामुख्याने अमेरिका, ब्रिटन, जपान व भारतीय उपखंड येथील व्यावसायिक कुस्तीपुरता मर्यादित आहे. मेक्सिकोतील परंपरा स्वतंत्र अभ्यासाचा विषय असल्याने येथे घेतलेली नाही. ऑलिंपिकमधील हौशी कुस्तीचाही यात समावेश नाही.

गॉच आणि हॅकेनश्मिट : १९०८ व १९११

विसाव्या शतकाच्या आरंभी एस्टोनियात जन्मलेला जॉर्ज हॅकेनश्मिट हा युरोपातील सर्वांत नामांकित मल्ल होता. ‘रशियन सिंह’ ही त्याची उपाधी होती. १९०५ मध्ये न्यूयॉर्क येथे टॉम जेंकिन्सचा पराभव केल्यानंतर त्याचे जगज्जेतेपद अमेरिकेतही मान्य झाले. आयोवा प्रांतातील फ्रँक गॉच हा त्याचा स्वाभाविक प्रतिस्पर्धी मानला जाऊ लागला. दोन खंडांतील दोन अजिंक्यवीर आणि त्यांच्या मध्ये असलेला अटलांटिक महासागर, अशी ही प्रतीक्षा होती.

३ एप्रिल १९०८ रोजी शिकागोत दोघांची गाठ पडली. सुमारे दोन तास दोघे मुख्यतः उभ्यानेच झुंजत राहिले. अखेर हॅकेनश्मिटने हार मान्य केली. त्याची पाठ नीट टेकलीच नव्हती. गॉचने अंगाला तेल लावले होते, नखांनी ओरबाडले, अंगठ्याने इजा केली, असे आरोप त्याने पुढे केले. म्हणजे जेतेपदाचा निकाल लागला. परंतु कुस्ती निकाली झाली असे पराभूत पक्षाला कधीच वाटले नाही.

या असमाधानातून ४ सप्टेंबर १९११ ची दुसरी लढत उभी राहिली. शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर सुमारे तीस हजार लोक जमले. त्या काळाच्या मानाने ही गर्दी अभूतपूर्व होती. परंतु सरावाच्या वेळी हॅकेनश्मिटच्या गुडघ्याला दुखापत झाली होती. गॉचने त्याला अर्ध्या तासाच्या आत सलग दोनदा पराभूत केले. ही दुखापत मुद्दाम पैसे देऊन करविली गेली, अशी कथा पुढे प्रचलित झाली. कथेची सत्यता हा वेगळा प्रश्न आहे. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, शतकातील सर्वांत मोठी म्हणून गाजविलेली लढत एका जायबंदी मल्लाच्या पराभवाने संपली आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, ती विसरली गेली नाही.

गामा आणि झिबिस्को : १९१० ते १९२८

दुसरे उदाहरण भारताशी थेट संबंधित आहे. १९१० मध्ये गामा आपला भाऊ इमामबक्ष याच्यासह लंडनला गेला. बंगालमधील धनिक शरतकुमार मित्र यांनी या दौऱ्यास साहाय्य केले होते. गामाची उंची युरोपीय मल्लांच्या तुलनेत कमी असल्याचे कारण पुढे करून त्याला आरंभी स्पर्धेत स्थान नाकारले गेले. तेव्हा त्याच्या वतीने जाहीर आव्हाने देण्यात आली. ऑगस्टमध्ये अमेरिकन मल्ल डॉ. बेंजामिन रोलर याला त्याने सहज पराभूत केले. इमामबक्षने स्विस मल्ल जॉन लेम याला हरविले. त्यानंतर १० सप्टेंबर १९१० रोजी शेफर्ड्स बुश येथील मैदानात गामासमोर पोलिश मल्ल स्टॅनिस्लाउस झिबिस्को उभा राहिला.

झिबिस्को हा सामान्य मल्ल नव्हता. १९०९ च्या नोव्हेंबरमध्ये बफेलो येथे एका तासात त्याला दोनदा चीत करण्याची अट गॉचला पूर्ण करता आली नव्हती. १ जून १९१० रोजी शिकागोत मात्र वेगळेच घडले. झिबिस्कोने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला असता गॉचने त्याला सुमारे साडेसहा सेकंदांत पाडले. त्या आघाताला साडेतीन महिनेही झाले नव्हते. गामाने पहिल्याच मिनिटात त्याला खाली आणले, तेव्हा झिबिस्कोने सावधगिरीचा मार्ग पत्करला. तो गादीवर पालथा पडून राहिला. अडीच तासांहून अधिक काळ गामा त्याला उलटविण्याचा प्रयत्न करीत होता आणि तो गादीला चिकटून होता. अंधार पडू लागल्यावर कुस्ती बरोबरीत सोडविण्यात आली. १७ सप्टेंबरला पुन्हा लढत ठरली. परंतु झिबिस्को मैदानात आलाच नाही आणि गामाला विजेता घोषित करून ‘जॉन बुल’ पट्टा देण्यात आला.

प्रेक्षकाच्या दृष्टीने पाहता ही कुस्ती अत्यंत कंटाळवाणी ठरली असणार. अडीच तास एक जण पालथा आणि दुसरा त्याच्या पाठीवर, यात डावपेचांची रंगत कोठून येणार? परंतु वसाहतकालीन भारतात या लढतीला निराळा अर्थ प्राप्त झाला. ज्याला उंचीचे कारण देऊन दारातच अडविले, त्याच्यासमोर उभे राहण्याचे धैर्य युरोपीय मल्लाला दुसऱ्या वेळी झाले नाही, असा तो अर्थ होता. येथे एक बाब सहसा ध्यानात घेतली जात नाही. १९१० मध्ये पोलंड हे स्वतंत्र राष्ट्र नव्हते आणि झिबिस्को हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचा प्रजाजन होता. म्हणजे साम्राज्याच्या राजधानीत दोन पराधीन देशांचे मल्ल एकमेकांशी झुंजत होते. परंतु लोकस्मृतीने त्यातून ‘भारत विरुद्ध युरोप’ असा सोपा संघर्ष घडविला.

गामाच्या वतीने हॅकेनश्मिट आणि गॉच यांनाही आव्हाने देण्यात आली होती. त्यांपैकी एकही कुस्ती झाली नाही. गॉच १९१७ मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी निवर्तला आणि तो प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला.

झिबिस्कोशी राहिलेला हिशेब मात्र अठरा वर्षांनी पूर्ण झाला. १९२८ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या आश्रयाने दोघांची गाठ पुन्हा पडली. तेव्हा दोघेही पन्नाशीच्या आसपास होते. या वेळी गामाने झिबिस्कोला एका मिनिटाच्या आत चीत केले. अडीच तासांची बरोबरी आणि एका मिनिटाचा निकाल, या दोन टोकांच्या मध्ये अठरा वर्षांची प्रतीक्षा होती. कोणत्याही कथाकाराला हेवा वाटावा अशी ही रचना कोणी आखलेली नव्हती.

ठरवून होणाऱ्या कुस्तीकडे

या अठरा वर्षांत अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीचे स्वरूप पालटले. बदलाचे एक कारण प्रेक्षकांचा कंटाळा हे होते. ४ जुलै १९१६ रोजी ओमाहा येथे जो स्टेचर आणि एड ‘स्ट्रँगलर’ लुइस यांची कुस्ती सुमारे पाच तास चालून बरोबरीत सुटली. खऱ्या कुस्तीत दोन तुल्यबळ मल्ल एकमेकांना सहज हालू देत नाहीत, ही बाब मल्लाला ठाऊक असते; तिकीट काढून आलेल्या माणसाला ती सहन होत नाही. १९२० च्या दशकात लुइस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी कुस्तीला वेळेची मर्यादा, वेगवान डाव आणि ठरविलेले शेवट यांची जोड दिली. मल्लांचा एकच संच गावोगावी फिरवून कथानक पुढे नेण्याची पद्धतही याच काळात रुळली.

तथापि ठरवून होणाऱ्या कुस्तीचा एक धोका लवकरच दिसला. ८ जानेवारी १९२५ रोजी कॅन्सस सिटी येथे या त्रयीने वेन मन या माजी फुटबॉलपटूला लुइसवर विजय मिळवून दिला. मन धिप्पाड होता. परंतु खऱ्या कुस्तीत निष्णात नव्हता. १५ एप्रिलला फिलाडेल्फिया येथे त्याच्यासमोर ठरल्याप्रमाणे हरण्यासाठी एक वयस्क मल्ल उभा केला गेला. त्या मल्लाने आयत्या वेळी ठरलेली गोष्ट मोडली आणि मनला खरोखरच चीत करून जेतेपद हिरावले. तो मल्ल म्हणजे स्टॅनिस्लाउस झिबिस्को. मे महिन्यात त्याने ते जेतेपद प्रतिस्पर्धी गटाच्या स्टेचरकडे जाऊ दिले.

एकाच झिबिस्कोच्या कारकिर्दीत कुस्तीचे तिन्ही शेवट सापडतात. १९१० मध्ये तो बरोबरीत सुटला, १९२५ मध्ये त्याने नुरा कुस्ती मध्येच खरी केली आणि १९२८ मध्ये तो निकाली कुस्तीत हरला. म्हणूनच ‘पूर्वीची कुस्ती खरी आणि नंतरची खोटी’ अशी काळाची सरळ विभागणी करणे योग्य ठरत नाही. १९२८ च्या पतियाळातील मल्ल हा तीन वर्षांपूर्वी फिलाडेल्फियातील ठरविलेल्या कुस्तीचा एक पात्र होता.

१९३० च्या दशकात न्यूयॉर्कमधील वृत्तपत्रांतून ठरविलेल्या कुस्त्यांचे प्रकार उघड झाले. तरीही व्यवसाय संपला नाही. १९४८ मध्ये अमेरिकेतील आयोजकांनी एकत्र येऊन ‘नॅशनल रेसलिंग अलायन्स’ स्थापन केली. तिचा जेता लू थेझ याने १९५७ मध्ये टोकियोत रिकिदोझान याच्याशी साठ मिनिटांची बरोबरी केली. युद्धात पराभूत झालेल्या जपानमध्ये ती बरोबरीसुद्धा राष्ट्रीय अभिमानाचा विषय ठरली. हाच थेझ १९६८ मध्ये मुंबईत दारासिंगकडून पराभूत झाला आणि त्या विजयाने दारासिंगचे नाव जगज्जेता म्हणून भारतभर गाजले. या सर्व लढती व्यवसायाच्या चौकटीत झाल्या होत्या. तरीही प्रेक्षकांनी त्यांना दिलेला अर्थ खोटा होता असे म्हणता येत नाही.

खरी की खोटी : १९७६ चा अनुभव

खरी लढत घडवून आणली तर काय होते, याचा धडा १९७६ मध्ये दोनदा मिळाला. २६ जून १९७६ रोजी टोकियोत मुष्टियोद्धा मुहम्मद अली आणि जपानी कुस्तीगीर अंतोनियो इनोकी यांची लढत झाली. जगभर तिची जाहिरात झाली होती. नियमांच्या बंधनांमुळे इनोकी पंधरा फेऱ्यांचा बहुतेक काळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारीत राहिला. अलीला मोजकेच ठोसे लगावता आले. लढत बरोबरीत सुटली आणि संतप्त प्रेक्षकांनी रिंगच्या दिशेने कचरा भिरकावला. १९१० चा झिबिस्को पालथा होता आणि १९७६ चा इनोकी उताणा. परंतु दोघांचे गणित एकच होते. ज्याच्याशी उभ्याने लढणे धोक्याचे, त्याच्यासमोर जमिनीचा आश्रय घेणे, हे ते गणित होय.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये कराचीत इनोकीसमोर इमामबक्षचा मुलगा, म्हणजे गामाचा पुतण्या, अक्रम पहिलवान उभा राहिला. लढत ठरवून करावयाची की खरी, याविषयी दोन्ही पक्षांत अखेरपर्यंत एकवाक्यता झाली नाही, असे या लढतीच्या वृत्तान्तांतून दिसते. परिणामी ती खरी झाली आणि अक्रमच्या हाताला गंभीर इजा झाली. १९७९ मध्ये लाहोर येथे इमामबक्षचा नातू झारा इनोकीशी लढला. ती लढत बरोबरीत सुटली आणि इनोकीने स्वतः झाराचा हात उंचावला. खऱ्या कुस्तीची मागणी करणाऱ्याने कराचीतील त्या हाताचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे. कुस्ती ठरवून करण्यामागे केवळ फसवणूक नसते. रोज पोटासाठी रिंगणात उतरणाऱ्या शरीराचा बचावही त्यात असतो.

आधुनिक वैरांची रचना

१९८० च्या दशकात व्हिन्स मॅकमॅहन याच्या वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने प्रांतोप्रांतीच्या आयोजकांना मागे टाकून देशव्यापी व्यवसाय उभारला. १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळासमोर या संस्थेने व्यावसायिक कुस्ती ही खरी स्पर्धा नसून करमणूक आहे, अशी भूमिका घेतली. क्रीडा नियंत्रणातून व करांतून सुटका हा त्यामागील हेतू होता. दशकानुदशके सांभाळलेले गुपित अशा रीतीने व्यवसायानेच सरकारदरबारी उघड केले. त्यानंतरच्या वैरांचा विचार करताना प्रेक्षकाला फसविले जाते, हे गृहीतक धरता येत नाही. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ याने १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिथॉलॉजीज’ या ग्रंथात हे आधीच ओळखले होते. कुस्तीचा प्रेक्षक स्पर्धेपेक्षा न्याय-अन्यायाचे दर्शन पाहण्यास येतो, असे त्याचे म्हणणे होते.

२९ मार्च १९८७ रोजी पाँटियाक येथे हल्क होगन आणि आंद्रे द जायंट यांची लढत झाली. ९३,१७३ प्रेक्षक उपस्थित असल्याचे जाहीर करण्यात आले; हा आकडा पुढे वादग्रस्त ठरला. आंद्रे पंधरा वर्षे अजिंक्य आहे आणि दोघांची गाठ प्रथमच पडत आहे, असा प्रचार झाला. वस्तुतः १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये दोघे समोरासमोर आले होते. बहुप्रतीक्षित लढत निर्माण करण्यासाठी येथे भूतकाळ पुसून टाकला गेला. गॉच आणि हॅकेनश्मिट यांच्यामध्ये महासागर होता. होगन आणि आंद्रे यांच्यामध्ये केवळ विस्मरण होते.

प्रतीक्षेचे हे तंत्र २०११ मध्ये अधिक उघड झाले. ‘द रॉक’ आणि जॉन सीना यांची लढत पूर्ण एक वर्ष आधी जाहीर करण्यात आली. १ एप्रिल २०१२ रोजी मायामीत झालेल्या या लढतीचे घोषवाक्य ‘आयुष्यात एकदाच’ अशा आशयाचे होते. रॉक जिंकला. पुढच्याच वर्षी, ७ एप्रिल २०१३ रोजी, हेच दोघे पुन्हा लढले आणि सीना जिंकला. गामा–झिबिस्को यांच्या दुसऱ्या गाठीला अठरा वर्षे लागली. येथे आयुष्य एका वर्षात संपले. दोन्ही कुस्त्या प्रेक्षणीय होत्या, तिकीटविक्री मोठी झाली, कोणी जायबंदी झाले म्हणून लढत बिघडली नाही. परंतु या वैरातून कोणताही प्रश्न मागे उरला नाही. दोघांचाही हिशेब समान करून व्यवहार मिटविण्यात आला.

याउलट काही आधुनिक लढती मात्र दंतकथेच्या जवळ पोहोचल्या. ९ नोव्हेंबर १९९७ रोजी माँट्रियल येथे ब्रेट हार्ट आणि शॉन मायकेल्स यांची लढत झाली. हार्ट प्रतिस्पर्धी संस्थेत जाणार होता आणि स्वदेशी, कॅनडात, जेतेपद गमावण्यास त्याची तयारी नव्हती. त्याने हार मानलेली नसताना मॅकमॅहनच्या आज्ञेने घंटा वाजविण्यात आली. १९२५ मध्ये मल्लाने मालकांचा बेत मोडला होता. १९९७ मध्ये मालकाने मल्लाशी ठरलेली गोष्ट मोडली. सत्ता कोठून कोठे गेली, याचे इतके स्पष्ट चित्र अन्यत्र क्वचित मिळते.

१७ मार्च २००२ रोजी टोरांटोत होगन आणि रॉक यांची लढत झाली. कथेप्रमाणे होगन खलपात्र होता; परंतु तेथील हजारो प्रेक्षकांनी त्यालाच डोक्यावर घेतले आणि दोन्ही मल्लांनी लढत चालू असतानाच आपल्या भूमिका प्रेक्षकांच्या कलाने बदलल्या. २०२४ मध्ये याची पुढची पायरी दिसली. रोमन रेन्स याच्यासमोर कोडी ऱ्होड्सऐवजी रॉकला उभे करण्याचा संकेत २ फेब्रुवारीला देण्यात आला. प्रेक्षकांनी तीव्र विरोध केला आणि सहा दिवसांत रचना बदलावी लागली. ७ एप्रिल २०२४ रोजी फिलाडेल्फियात ऱ्होड्सने रेन्सला हरविले. झिबिस्कोने नव्व्याण्णव वर्षांपूर्वी ज्या शहरात बेत मोडला, त्याच शहरात या वेळी प्रेक्षकांनी बदलून घेतलेल्या बेताचा शेवट झाला.

तुलनात्मक विवेचन

वरील उदाहरणांवरून चार मुद्दे पुढे येतात.

पहिला मुद्दा प्रतीक्षेच्या कारणांचा आहे. जुन्या काळी अंतर, पैशाचे मतभेद, वर्णभेद, भीती आणि साम्राज्याची चौकट यांमुळे गाठ पडत नसे. आजची प्रतीक्षा बहुतांशी नियोजनाचा भाग असते. तरीही न झालेल्या लढतीचे आकर्षण आजही तसेच आहे. स्टिंग आणि अंडरटेकर हे दोन नामवंत मल्ल वर्षानुवर्षे प्रतिस्पर्धी संस्थांत राहिले. स्टिंग २०१४ मध्ये अंडरटेकरच्या संस्थेत आला, तरी दोघांची एकास एक लढत झाली नाही. अंडरटेकरने २०२० मध्ये आणि स्टिंगने २०२४ मध्ये निवृत्ती घेतली. गामा–गॉच या न झालेल्या कुस्तीप्रमाणेच ही लढतही केवळ चर्चेत जिवंत राहिली आहे. ज्या लढतीत कोणीही हरले नाही, तिचा निकाल प्रत्येक जण आपापल्या परीने लावू शकतो.

दुसरा मुद्दा अपयशाचा आहे. १९११, १९१६ आणि १९७६ च्या लढती प्रेक्षणीयतेच्या कसोटीवर फसल्या होत्या आणि १९१० ची लढतही त्यांच्याच पंक्तीत बसते. मैदानातून परतणाऱ्या प्रेक्षकाला फसवणुकीचा अनुभव आला असणे स्वाभाविक आहे. त्यांचे मोठेपण नंतरच्या कथनात तयार झाले. म्हणून ‘पूर्वीच्या लढती अधिक चांगल्या होत्या’ हे विधान प्रेक्षणीयतेपुरते तरी टिकत नाही. आजचे मल्ल कौशल्याने अधिक रंजक लढत देतात, हे मान्य केले पाहिजे.

तिसरा मुद्दा निर्णयाच्या अधिकाराचा आहे. गामाच्या कुस्तीचा निर्णय दोन शरीरांमध्ये होत असे. फार तर पंच आणि आश्रयदाते त्यात असत. १९२० नंतर तो आयोजकांकडे गेला. १९९७ मध्ये त्याचे टोक दिसले. २००२ आणि २०२४ मध्ये प्रेक्षकांनी त्यातील काही वाटा परत मागितला. ‘कोण जिंकेल’ या जुन्या प्रश्नाची जागा ‘कोणाला जिंकू दिले जाईल’ या प्रश्नाने घेतली आहे. हा प्रश्न आधुनिक संस्थांमध्ये नोकरी करणाऱ्या कोणालाही अपरिचित नाही आणि आधुनिक वैरांशी प्रेक्षक एकरूप होतो, त्याचे एक कारण यात शोधता येईल.

चौथा मुद्दा साधनांच्या विश्वसनीयतेचा आहे. कुस्तीविषयीचे आकडे, अजिंक्यपदाचे दावे आणि ‘प्रथमच’ यांसारखी विशेषणे आयोजकांच्या जाहिरातीतून वृत्तपत्रात व तेथून इतिहासात येतात. १९८७ चे उदाहरण अलीकडील असल्याने पडताळता आले. १९१० च्या दशकातील अनेक दावे तशाच जाहिरातींवर उभे आहेत. जुन्या काळातील साधनांना केवळ जुनेपणामुळे अधिक प्रामाणिक मानण्याची चूक अभ्यासकाने टाळली पाहिजे.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. जुन्या बहुप्रतीक्षित लढती आणि आधुनिक वैर यांतील भेद हा ‘खरे’ आणि ‘खोटे’ यांचा भेद नाही. झिबिस्कोसारख्या एकाच मल्लाच्या आयुष्यात दोन्ही एकत्र नांदत होते.

२. जुन्या लढतींची कीर्ती कुस्तीच्या दर्जापेक्षा त्यांतून उरलेल्या शंकांवर टिकली. हॅकेनश्मिटचा गुडघा, गामाला नाकारलेला प्रवेश आणि १७ सप्टेंबरचे रिकामे मैदान यांनी लढतीनंतरही लोकांना बोलते ठेवले.

३. आधुनिक व्यवसायाने प्रतीक्षा निर्माण करण्याची कला आत्मसात केली. परंतु प्रत्येक हिशेब नीट मिटविण्याच्या आग्रहामुळे मागे काही उरू दिले नाही. म्हणून २०१२ आणि २०१३ ची लढत यशस्वी होऊनही लोकांच्या बोलण्यात ती १९९७ इतकी राहिली नाही. मल्ल, मालक किंवा प्रेक्षक यांपैकी कोणीतरी ठरलेली गोष्ट मोडली, तेथेच आधुनिक वैर जुन्या लढतींच्या तोडीला आले.

४. खऱ्या लढतीच्या आग्रहाची किंमत मल्लाच्या शरीराला मोजावी लागते, हे अक्रम पहिलवानाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. भूतकाळाचा गौरव करताना ही किंमत हिशेबात धरली पाहिजे.

मातीतल्या फडात निकाली कुस्ती झाली की प्रेक्षक फेटे उडवितो आणि घरी जातो. बरोबरीत सुटलेली कुस्ती मात्र तो गावापर्यंत बोलत नेतो. पंचांचे काय चुकले, कोणाचा दम आधी संपला, आणखी अर्धा तास मिळता तर काय झाले असते, याची चर्चा पुढील मैदानापर्यंत पुरते. शेफर्ड्स बुश येथील ती कंटाळवाणी सायंकाळ शंभरहून अधिक वर्षे टिकली, ती याच कारणाने.